सगळ्यात वरचं नाव

मी बोलतोय. आता तुम्ही इकडेतिकडे पाहाल आणि मी काही तुम्हाला सापडणार नाही, म्हणून मीच सांगतो. नखाएवढा माझा देह. कॉम्प्युटरच्या खाचेत मला खुपसलं की बाहेर उरतं एक काळं बोंड आणि त्यात लुकलुकणारा निळा दिवा. कोणी मला डोंगल म्हणतं, कोणी ब्लूटूथ म्हणतं, कोणी नुसतंच 'ते'. कानात कोंबायच्या बोळ्यांनाही माणसं ब्लूटूथच म्हणतात आणि गाणी वाजवणाऱ्या डब्यालाही. ज्याच्या जिवावर काम चालतं त्याला धड नावसुद्धा द्यायचं नाही, ही तुमची रीत.

माझं काम काय, ते तुमच्यातल्या बहुतेकांना माहीत नसणार. कॉम्प्युटर एका जागी बैठक मारून बसलेला. फोन हातातून, खिशातून भटकणारा. दोघांच्या मध्ये कोणीतरी लागतं, तो मी. मला वायर लागत नाही. पातळ भिंत मध्ये आली तरी माझं काही अडत नाही. कॉम्प्युटरने दिलेलं फोनला पोहोचवायचं, फोनने दिलेलं कॉम्प्युटरला. एक अक्षर कमी नाही, एक अक्षर जास्त नाही. माझ्या हातून कधी चूक झाली नाही. मला वापरणाऱ्यांच्या हातून दुसरं काही झालं नाही.

जन्माची गोष्ट फार लांबवत नाही, कारण तिच्यात सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यात एका बाईने मला तपासणीच्या खाचेत घातलं, माझा दिवा पहिल्यांदा लागला, मी जगाकडे पाहिलं, आणि तिने जांभई दिली. मग मला पेटीत टाकलं. पेटीतून पाकिटात. ते पाकीट असं की माणसांना कात्री शोधायला सुचत नाही, ती दातांनी फाडतात.

एका दुकानात चार्जरांच्या शेजारी मी आकड्याला लटकत होतो. तिथेच मला माणसांची पारख झाली. एकाने मला उलटंपालटं करून विचारलं, "हे लावलं की इंटरनेट फुकट मिळतं का?" दुसऱ्याने विचारलं, "याने फोन चार्ज होतो?" दुकानदार सगळ्यांना 'नाही' म्हणून दमला होता. मीही दमलो होतो, पण मला कोण विचारतो?

मग एक दिवस तो आला. उंच, जरा वाकलेला, कपाळावर चष्मा चढवून खिशात चष्मा शोधणारा. पुढे कळलं की हा थोरला. दोन भावांमधला मोठा.

"भिंतीपलीकडे जातं का हे?" त्याने विचारलं.

"कसली भिंत?"

"प्लायवुडची."

"मग जाईल की! पण पलीकडे तुमचंच माणूस असेल तर फाइल पेनड्राइव्हवर घाला आणि नेऊन द्या ना. हे कशाला घेताय?"

"तुम्ही द्या हो," थोरला म्हणाला, आणि त्याने मान दुसरीकडे वळवली.

तेव्हाच मी ओळखलं की घरात काहीतरी शिजलंय.

घर कसलं, कारखानाच तो. भरतकामाचा. रस्त्याच्या बाजूने एक दार, मागच्या बोळाकडे दुसरं, आणि मध्ये एक लांबच लांब खोली. शर्टाच्या खिशांवर कंपन्यांची नावं, टोप्यांवर चिन्हं, टॉवेलांवर अक्षरं, असलं काम तिथे होई. थोरला कॉम्प्युटरवर नक्षी काढायचा: कुठला टाका कुठून निघणार, कुठे वळणार, कुठे थांबणार. धाकटा ती नक्षी भरतकामाच्या मोठ्या मशीनवर चढवायचा आणि कपड्यावर उतरवायचा. एकाशिवाय दुसऱ्याचं पान हलत नव्हतं. थोरल्याची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, तयार कपड्यांचे लोंबते धागे कापायची. ती धागे कापताना स्वतःशी बोलते. भांडणाची हकिगत मला तिच्याच तोंडून कळली.

एका हॉटेलच्या चादरींचं काम आलं होतं. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात एक पान. थोरल्याने पान काढलं ते सरळ टोकाचं. मशीनवर त्या टोकाशी टाके एकमेकांवर चढायला लागले, गाठ यायला लागली. धाकट्याने दादाला न विचारता टोक जरासं वळवलं. हॉटेलची मालकीणबाई आली, चादर उजेडात धरून बघितली आणि थोरल्याला म्हणाली, "पान काय सुंदर वळवलंय हो! तुमचा हात लागलाय, कळतंच."

थोरला म्हणाला, "हो."

एवढंच. मशीनपाशी उभ्या धाकट्याने ते ऐकलं. बाई गेल्यावर तो म्हणाला, टोक मी वळवलं असं सांगायचं होतंस. थोरला म्हणाला, तू मला विचारलं होतंस का? मग मागच्या वीस गोष्टी निघाल्या. एका पानाच्या टोकावरून दोन मोठी माणसं एकमेकांना पाण्यात पाहायला लागली, आणि खोलीच्या मधोमध प्लायवुड उभं राहिलं. कॉम्प्युटर रस्त्याच्या बाजूला, मशीन बोळाच्या बाजूला. थोरल्याचं दार पुढचं, धाकट्याचं मागचं.

आता गंमत बघा. भांडले, पण धंदा एकच. नक्षी इकडे, मशीन तिकडे. रोज पेनड्राइव्ह घेऊन थोरल्याने रस्त्याने निघायचं, कोपऱ्यावरून वळायचं, बोळातून मागच्या दाराशी जायचं आणि ज्याचं तोंड बघायचं नाही त्याच्याच हातात ठेवायचा. काही दिवस ते काम वहिनीने केलं. मग ती म्हणाली, "मी धागे कापायला आहे, तुमचं टपाल वाहायला नाही." म्हणून मला आणलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. प्लायवुडला एक भोक पाडलं असतं तर फुकटात काम झालं असतं. पण भोक पाडण्यापेक्षा यंत्र विकत आणणं माणसाला सोपं जातं.

मला वहिनीनेच लावलं. थोरल्याला शिकवलंही तिनेच. "हे बघा. फाइल निवडायची. इथे दाबलं की नावं येतात. सगळ्यात वरचं नाव भाऊजींच्या फोनचं. ते दाबायचं, झालं. फोनमधून मशीनवर घालायचं ते बघतील."

"सगळ्यात वरचं," थोरल्याने पाठ केलं.

नाव वाचायचं, हे त्याने पाठ केलं नाही. सगळ्यात वरचं, एवढंच. आयुष्यभर टाक्याटाक्याचा हिशोब ठेवणारा माणूस, पण पडद्यावरची एक ओळ वाचायची त्याला सवय लागली नाही. चष्मा कपाळावर, बोट सगळ्यात वर. प्लायवुडपलीकडे दुसरा फोनच नसायचा, म्हणून रोज निभावत होतं. निभावलं म्हणजे आपल्याला येतं, असा समज करून घेण्यात माणसांचा हात कोणी धरणार नाही.

आणि मग माझी खरी नोकरी सुरू झाली. नुसत्या नक्ष्या पाठवून थोरल्याचं भागेना. रंग सांगायचा, घाई सांगायची, चूक दाखवायची, आणि बोलायचं तर नाही! म्हणून तो फाइलींना नावं द्यायला लागला. 'टोपी-निळा-दोरा'. 'खिसा-घाई-आहे'. 'मागचा-टॉवेल-ढिला-होता'. मी ते बिनबोभाट पलीकडे नेत होतो. धाकटा उलट फोटो पाठवायचा. काम झालं की झालेल्या कपड्याचा फोटो. चिडला की तुटलेल्या दोऱ्याचा. एकदा थोरल्याने 'इतका-उशीर-का' नावाची नक्षी पाठवली, तर पलीकडून नुसत्या रिकाम्या रिळाचा फोटो आला. थोरल्याने तो मोठा करून पाहिला, गालात हसला, आणि वहिनीने पाहिल्याबरोबर चेहरा पुन्हा ताणून बसला.

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! देवाने एकेकाला हातभर जीभ दिलेली. मध्ये बोटभर जाडीचं लाकूड. धाकटा शिंकला तर थोरला मनात 'याला सर्दी झालीय' म्हणे, आणि दुपारी वहिनीच्या हाती काढा पाठवी, वर 'तुझ्याच मनाने दिला असं सांग' अशी ताकीद. मला या लोकांची कीव यायला हवी होती. मला फक्त हसू येई. एक मात्र खरं, माझ्यावाचून त्यांचं घोडं अडत होतं, आणि ते मला आवडत होतं.

मग एक दिवस वहिनी धागे कापता कापता म्हणाली, "भाऊजी मशीन विकताहेत."

थोरल्याचं बोट थांबलं.

"बाहेरगावी मोठ्या कारखान्यात काम मिळालंय त्यांना. म्हणाले, ज्याच्याशी बोलायचं नाही त्याची नक्षी किती दिवस भरायची, वहिनी? त्यापेक्षा परक्याची भरीन."

"जाऊ दे," थोरला म्हणाला.

"जाऊ दे?"

"त्याचा तो मोठा आहे."

वहिनीने कात्री आपटली आणि ती उठून गेली. ती गेल्यावर थोरला प्लायवुडपाशी गेला. तिकडे मशीन चालू होती. तो तिथे तसाच उभा राहिला. धाकट्याला सुईत दोरा ओवायला यानेच शिकवलं होतं, असं वहिनी सांगायची. आईबाप गेल्यावर याचं बोट धरून तो वाढला होता. मशीन गेली तर दुसरी मिळाली असती. भाऊ गेला तर दुसरा मिळणार नव्हता, आणि हे थोरल्याला चांगलं कळत होतं. कळूनही पुढच्या दाराने निघून मागच्या दाराने आत शिरायचं काही त्याला जमलं नाही. मूग गिळून तो पुन्हा खुर्चीत येऊन बसला.

आणि तो दिवस उजाडला. प्लायवुडपलीकडे नवा आवाज आला. जुनी मशीन विकत घेणारा माणूस. हातात मोजायचा टेप, त्याची सारखी सर्र सर्र. म्हणून मी त्याला टेपवाला म्हणतो.

"दार लहान आहे हो," टेपवाला म्हणत होता. "मशीनचं डोकं वेगळं करून न्यावं लागेल. आजच उतरवू का?"

"बघा तुम्ही," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात काही दम नव्हता.

इकडे थोरला कॉम्प्युटरसमोर बसला. त्याने ती हॉटेलची जुनी नक्षी उघडली, सरळ टोकाच्या पानाची. आणि तो टोक वळवायला लागला. एकेक टाका सरकवून, धाकट्याने वळवलं होतं अगदी तसं. घाम पुसत होता, पुन्हा सरकवत होता. शेवटी त्याने फाइलीला नाव दिलं: 'पान-तुझं-होतं-जाऊ-नको'.

मी मनात म्हटलं, शाबास! एवढं बोलायला आख्खी नक्षी लागली. तरीही मी तयार होतो, कारण हुकमाचा ताबेदार.

नावं आली. या वेळी दोन. टेपवाल्याचा फोन सताड उघडा. गाणी घेता-देता यावीत म्हणून या माणसाने तो जगासाठी खुला ठेवलेला. शिवाय तो माप घ्यायला प्लायवुडला टेकून उभा, म्हणून त्याचं नाव वर. धाकट्याचा फोन मशीनच्या मागे, म्हणून त्याचं नाव खाली. दोन्ही नावं स्वच्छ, वेगवेगळी, वाचता येणाऱ्याला वाचता येतील अशी. थोरल्याचा चष्मा कपाळावर. बोट सगळ्यात वर.

मला सांगितलं तिथे मी दिलं. टेपवाल्याला फोनने विचारलं, घ्यायची का? त्याने न बघता 'हो' दाबलं. कोण पाठवतंय, काय पाठवतंय, याची चौकशी करायची पद्धत माणसांत नाहीच.

"अहो, हे काय आलं मला?" पलीकडून टेपवाल्याचा आवाज आला. "'पान तुझं होतं, जाऊ नको.' कुणाचं पान? आणि मी कुठे चाललोय? मी तर आत्ताच आलोय!"

"बघू इकडे," धाकटा म्हणाला.

 टेपची सर्र सर्र थांबली. मग मागचं दार आपटलं, बोळात पावलं वाजली, कोपरा वळून रस्त्यावर आली, आणि पुढच्या दारात धाकटा उभा. प्लायवुड उभं राहिल्यापासून तो पहिल्यांदा या बाजूला येत होता. आत बसलेल्या वहिनीने कात्री खाली ठेवली.

"दादा, हे तू पाठवलंस?"

"काय?"

"मशीन घ्यायला आलेल्या माणसाच्या फोनवर आलंय ते."

"त्याच्या? तुझ्या नाही आलं?" थोरला पडद्याकडे वळला. वहिनीने पुढे होऊन त्याच्या कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. त्याने नावं वाचली, आयुष्यात पहिल्यांदा. "अरे! थांब, थांब. आता बरोबर पाठवतो."

"पाठवतो? मी तुझ्यासमोर उभा आहे, दादा!"

पण थोरल्याने खालचं नाव दाबलंच. मी तत्पर. धाकट्याच्या हातातला फोन वाजला. घ्यायची का?

धाकट्याने पडद्याकडे पाहिलं आणि 'नाही' दाबलं.

इतक्या दिवसांत मला कोणी 'नाही' म्हटलं नव्हतं. निरोप माझ्या हातात तसाच राहिला. मला राग आला, आणि खरं सांगतो, वाईटही वाटलं. मी कुठे कमी पडलो होतो?

"तोंडाने सांग," धाकटा म्हणाला.

"निळा दोरा संपत आला असेल ना तुझ्याकडे?"

"दादा."

"नाही, म्हणजे मागवायला हवा."

"दादा, मी जाऊ का?"

थोरल्याने टेबलाची कड धरली. "पान तुझं होतं," तो म्हणाला. असं पुटपुटला की शेजारच्या कॉम्प्युटरलाही ऐकू जाऊ नये.

"ऐकू नाही आलं."

"पान तुझं होतं रे! त्या बाईला मी 'हो' म्हणालो. तोंडातून गेलं आणि मग परत घेता येईना. तू बघत होतास, ते मला दिसत होतं. झालं समाधान?"

"आणि?"

"आणि काय?"

"नावात आणखी काहीतरी होतं."

थोरला टेबलावरचे धाग्यांचे तुकडे गोळा करायला लागला.  वहिनी खिडकीबाहेर बघायला लागली. शेवटी तो म्हणाला, "नको जाऊ." आणि चष्मा पुन्हा कपाळावर चढवून त्याने डोळे पुसले.

धाकटा वळला आणि निघून गेला.

पाहिलंत? हे तुमचं तोंडाने सांगणं! मी निरोप नेला असता तर 'पोहोचला' अशी ओळ तरी पडद्यावर आली असती. इथे एवढं रडून-भेकून सांगितलं, आणि पोहोचलं की नाही याचा पत्ता नाही. थोरला दाराकडे बघत बसला. पावलं रस्त्याने गेली, कोपरा वळली, बोळात शिरली.

"काय, उतरवायची ना?" पलीकडे टेपवाल्याने विचारलं.

धाकट्याचं उत्तर मला ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते टेपवाल्याचं. "म्हणजे काय? मग मला बोलावलं कशाला? आणि हे पानाचं काय प्रकरण आहे ते तरी सांगा!"

आणि मशीन सुरू झाली. सगळ्या सुया एकदम. प्लायवुड थरथरायला लागलं, आणि थोरला खुर्चीत डोकं मागे टेकून, डोळे मिटून ते ऐकत राहिला.

त्याच दिवशी वहिनीने मला खाचेतून उपटलं. "आता हे कशाला?" म्हणाली, आणि हुकांच्या डब्यात टाकून दिलं. आभार वगैरे काही नाही. दोन भाऊ बोलत नव्हते तेव्हा त्यांचा एकेक शब्द मी सांभाळून नेला. बोलायला लागले, तशी माझी गरज संपली. गरज सरो, वैद्य मरो.

इथे डब्यात माझ्या अंगाखाली गंजलेले हुक आहेत, एक बिनसुईची पिन आहे. झाकण नीट लागत नाही, म्हणून बाहेरचं सगळं ऐकू येतं. धाकट्याने करवत आणून प्लायवुडला खिडकी कापली. वाकडीतिकडी, कडा तशाच खरखरीत. आता फाइल पेनड्राइव्हवर घालतात, आणि तो हातोहात त्या खिडकीतून जातो. मधेच खाली पडतो, मग दोघेही वाकून शोधतात आणि एकमेकांना शिव्या घालतात. दिवसभर आरडाओरडा. "टोक वळवू नको म्हणून सांगितलं होतं!" "वळवणार! गाठ येते तिथे!" "तुला फार कळतं!" "तुझ्यापेक्षा कळतं!" मग वहिनी दोघांवर ओरडते, आणि मग तिघेही हसतात. ज्या कामाला माझ्या वेळी टाचणी पडल्याचा आवाज होत नव्हता, त्याला आता बाजार भरल्यासारखा गोंगाट. एक वाक्य धड पोहोचत नाही, दोनदा विचारावं लागतं, उलटसुलट ऐकलं जातं. मला हे सहन होत नाही.

म्हणून तुम्हालाच विनंती करतो. हुकांच्या डब्यात मरण्याइतका मी निकामी झालेलो नाही. माझा दिवा अजून लागतो. तुमच्या घरात एकमेकांशी न बोलणारी दोन माणसं असतील, तर मला घेऊन जा. अगदी निमूटपणे, एक अक्षर न सांडता, मी त्यांचा कारभार वर्षानुवर्षं चालवीन. त्यासाठी मध्ये प्लायवुड असलंच पाहिजे असं काही नाही.